कालव्यावरचा अंतरा

बारामती-इंदापूरकडे पाहायला काय आहे, असं निघण्याआधी मला आमच्या आळीतल्या बहुतेकांनी विचारलं. चिपळूणच्या माणसानं घाट चढायचा तो कोल्हापूरला देवीला, नाहीतर पुण्याला लग्नाला. मे महिन्यात, घरात आंब्याच्या अढ्या लागलेल्या असताना, उसाच्या मुलखात कुणी फिरायला जात नाही. मी गेले, आणि परत आल्यापासून ज्याला त्याला तिथलंच सांगत सुटले आहे. मग म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

जाण्याचं कारण माझा मामेभाऊ शेखर. तो पुण्यात माहितीपट काढतो. आजवर बहुतेक रोगराई, पाणलोट आणि कुटुंबनियोजन यांवरच काढले. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका मैफलीत त्यानं मल्हारातली एक बंदिश ऐकली. शब्द चक्क मराठी होते, आणि त्यात ना कृष्ण होता ना सासू-नणंद. होती एक मेंढी, पावसात भिजून जड झालेली. मैफल संपल्यावर त्यानं गायकाला विचारलं, ही कुणाची? गायक म्हणाला, "पारंपरिक आहे." शेखरचं समाधान झालं नाही. या गवयाला विचार, त्या गवयाला विचार, असं करत तो बारामतीजवळच्या पिंपळीत एका शेतकऱ्याच्या दारात पोचला. तिथं त्या बंदिशीचा कर्ता सत्तरी ओलांडून खुशाल शेंगा फोडत बसला होता.

हे सोपानआबा. शेखरनं त्यांच्यावर चित्रपट करायचं ठरवलं. भीमा आणि नीरा जिथं मिळतात त्या नरसिंहपूरला दर उन्हाळ्यात गावकरी तीन दिवसांचा गाण्याचा मेळा भरवतात. शेवटच्या पहाटे आबांची शिष्या करुणा आबांच्या बंदिशी गाणार होती. तिथं चित्रपट संपवायचा, असा बेत. निवेदन लिहायला शेखरला माणूस हवं होतं आणि मला सुट्टी होती. लग्नाआधी मी काही वर्षं गाणं शिकले होते. पुढं संसार, शाळेतली नोकरी, ते सुटलं ते सुटलंच. "तुला निदान सा कुठं आहे ते कळतं, सुधाताई," शेखर म्हणाला. "मला तेही कळत नाही."

पिंपळी

शेखर, कॅमेरामन इक्बालभाई आणि मी जीपमधून पिंपळीत उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आमच्याकडचा उन्हाळा घामाचा. इथला कोरडा. अंगावरचं पाणी वाळतं आणि माणसाला आपण तापलोय हे कळतसुद्धा नाही. आबांच्या घरासमोर लिंबाचं मोठं झाड. त्याखाली एक बाज, एक एम-एटी गाडी आणि भिंतीला टेकवलेला, गवसणी घातलेला तानपुरा. तो असा दारात बघून मला धसकाच बसला. आबांच्या बायकोनं, सगळे त्यांना आक्का म्हणतात, माझी नजर ओळखली.

"घरात उकडतंय म्हणून भाईर ठिवलाय," त्या म्हणाल्या. "त्याला बी उकडतं की."

आबा उंच, काळेसावळे, अंगात पैरण आणि डोक्याला पांढरी टोपी. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांनी मला आपल्या शेजारी बाजेवर बसवून घेतलं.

"मी तुमच्या वाशिष्ठीचं पाणी प्यालोय," ते म्हणाले. "दिवाळी झाली की आमची मेंढरं घेऊन बा कोकणात उतरायचा. मी एवढासा होतो. घोड्यावर कोंबड्या, भांडी आन मी."

मला एकदम आमचं शेत आठवलं. भात कापून झालं की धनगर यायचे, माझे वडील त्यांना शेतात मेंढ्या बसवायला सांगायचे, खत व्हायचं म्हणून. आम्हा मुलांना त्या माणसांची नावं कधी कळली नाहीत. ती वरून यायची आणि वर जायची. आज मीच वर आले होते आणि त्यांच्यातल्याच एकाच्या बाजेवर बसून ताक पीत होते.

आबांच्या घरी मेंढरं केव्हाच गेली. कालव्याचं पाणी मिळालं तशी थोडी शेती झाली आणि आबा तरुणपणी सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले. कारखान्याच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते. त्यांचं घराण्याचं गाणं होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. पाळी संपली की आबा त्यांच्याकडं जाऊन बसायचे. असं कंपाउंडर निवृत्त होईपर्यंत चाललं.

"त्यांनी मला समदं दिलं," आबा म्हणाले, "फकस्त बंदिशी त्यांच्या मला पोटातनं येईनात. कृष्ण, पनघट, सगळं गोड हाय. पण मी कुठं बघितलाय पनघट? मी बघितली मेंढरं आन उसाच्या गाड्या. मग म्हणलं, आपलं आपण जुळवू."

"आणि देवाचं?" मी विचारलं. "तुमच्या एकाही बंदिशीत देव नाही."

"देवाचं म्हणायला हाईत की गावोगाव माणसं. मेंढराचं कोण म्हणणार?"

शेखरनं अवघडून त्यांना सांगितलं, की पुण्यात तुमची बंदिश पारंपरिक म्हणून गातात. मला वाटलं, आबा चिडतील. ते हसले.

"पारंपरिक म्हणले? मग तर लई झालं. मेल्याबिगर पारंपरिक झालो."

संध्याकाळी आक्कांनी हुलग्याचे शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठाचे वळलेले कडबोळ्यासारखे तुकडे, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेले. आमच्याकडं कुठल्याही पातेल्यात पहिल्यांदा नारळ पडतो, इथं शेंगदाण्याचं कूट. सोबत बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी ठेचा चटणीसारखा बोटभर घेतला. आबांच्या घरचे सगळे माझ्या ताटाकडं बघत होते, पण पाहुणीला कसं अडवायचं म्हणून कुणी काही बोललं नाही.

अर्धी बंदिश

करुणा रविवारी आली. इंदापूरला एका बँकेत कामाला. तिशीच्या आतबाहेर, बारीक अंगाची, बोलायला तडक. शाळेत असताना तिच्या वडिलांनी, ते तेव्हा मुख्याध्यापक होते, तिला एसटीनं पिंपळीला आणून आबांच्या पुढ्यात बसवलं. तेव्हापासून ती येतेच आहे. आबा काहीही लिहून ठेवत नाहीत. बांधलेली बंदिश करुणेला सांगतात आणि विसरतात.

"चाल माझ्याकडं ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "हिच्या डोक्यात टाकली की सुखरूप."

या वर्षीची नवी बंदिश अहिरभैरवातली. सकाळचा राग. आबांचा फार लाडका. "आहीर म्हंजे गवळी, गुराखी. आमच्याच भावकीतला राग हाय," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. करुणेनं तानपुरा घेतला आणि बंदिशीचा पहिला भाग, स्थायी, म्हटली:

"निजलं अजून नीरेचं पाणी, हळू चाला, बाई..."

इतकी साधी ओळ, पण 'हळू'वर ती खालच्या कोमल रिषभावर असं काही टेकायची, की आपण खरंच पाय जपून टाकतोय असं वाटावं. इक्बालभाईंनी कॅमेरा बंद केल्यावरही आम्ही तसेच बसून होतो.

पण बंदिशीला दुसरा भाग लागतो, अंतरा. गाणं तिथं वर चढतं. तो अजून आलाच नव्हता. संक्रांतीपासून स्थायी तशीच अर्धी पडून होती आणि नरसिंहपूरचा मेळा आठवड्यावर आला होता.

"आबा, मला अर्ध्या बंदिशीवर बसवणार का?" करुणा म्हणाली.

"अर्धी म्हण."

"लोक म्हणतील, पोरगी पुढचं विसरली. पहिल्यांदाच मला एकटीला बसायला दिलंय मेळ्यावाल्यांनी. त्यांना आधीच वाटतंय, हिला झेपंल का."

आबांनी लिंबाच्या काडीनं मातीत रेघोट्या ओढल्या. आक्का आतून म्हणाल्या, "यायची तवा यील. मागं लागून गाय बी दूध देत न्हाय."

शेखरला मात्र यात चित्रपटाचा कळस दिसला. बंदिश जन्माला येताना कॅमेऱ्यात पकडायची! दुसऱ्या दिवशी त्यानं आबांना कालव्याच्या काठी सतरंजीवर बसवलं. मांडीवर तानपुरा, मागं ऊस, मावळतीचं ऊन. आबा बिचारे दूरवर बघत बसले. शेखर म्हणाला, "आबा, विचार करा." आबा विचार करू लागले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "अजून करू का?" इक्बालभाईंचा कॅमेरा हसण्यानं हलला आणि ते चित्रण वाया गेलं.

एम-एटीवरून

मंगळवारी शेखर आणि इक्बालभाई पहाटेच जीप घेऊन सोमेश्वरनगरला गेले. आबांच्या नोकरीचा कारखाना टिपायचा होता. गाळप संपल्यानं धुराडं थंड असणार, तरी इमारत तरी मिळेल म्हणून. मी मागं राहिले, कारण ठेच्यानं माझा निकाल लावला होता. आक्कांनी दोन दिवस मला ताकात ओवा आणि सैंधव घालून पाजलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा बरं वाटत होतं.

आबांची पाण्याची पाळी होती. म्हणजे त्या दिवशी ठरल्या वेळी कालव्याचं पाणी त्यांच्या शेताला मिळणार. आमच्याकडं पाणी आभाळातून पडतं, कुणाला विचारत नाही, आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. इथं पाऊस नावापुरता, पण ऐन मे महिन्यात कालवा काठोकाठ वाहत होता. मला त्याचं नवल आवरेना.

"बसता का मागं?" आबांनी गाडीला लाथ मारत विचारलं. "हवा लागंल. आन हे खोरं धरा तेवढं."

मी साडी आवरून एका बाजूनं बसले, हातात दांड्याचं खोरं भाल्यासारखं उभं धरून. कालव्याच्या भरावावरून मातीचा रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली ऊस. सूर्य अजून उगवायचा होता. एम-एटी आपल्या चालीनं फटफटत होती, आणि आबा त्या फटफटीला धरून काहीतरी गुणगुणत होते. स्थायीच होती ती. पुन्हापुन्हा तेच: हळू चाला, बाई.

पुढं एका दारापाशी, म्हणजे कालव्यातून शेतात पाणी सोडायची झडप असते तिथं, दगडावर एक बगळा उभा होता. एका पायावर, मान आत ओढून. गाडी अगदी जवळ गेली तरी उडाला नाही. आबांनी वेग कमी केला. मग गाडी जवळजवळ थांबवलीच, एक पाय जमिनीला टेकून. आणि ते गाऊ लागले, जणू ती ओळ तिथं दगडावरच ठेवलेली होती:

"एका पायावर बगळा उभा, त्याला घाई नाही..."

मध्यमावरून सुरुवात, मग एकेक पायरी वर, आणि शेवटी वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, नेऊन ठेवलेली सम. आबांचा आवाज चिरकला, पण जागा स्वच्छ होत्या. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना गाडी पुन्हा सुरू झाली होती. मी मागं खोरं धरून, श्वाससुद्धा बेतानं घेत, मनातल्या मनात त्यांच्यामागून म्हणत होते. का, ते सांगता येत नाही. जुनी खोड.

शेतापाशी पोचतो तर शेजारचा माणूस बांधावरून ओरडत होता, "आबा, पाट फुटला! माझा भुईमूग बुडाला की वो!"

आबांनी गाडी उभी केली न केली आणि माझ्या हातातलं खोरं घेऊन धावले. पाटाचा काठ खचला होता आणि पाणी शेजाऱ्याच्या काढणीला आलेल्या शेंगांत घुसत होतं. एकजण चिखल ओढतोय, एकजण दगड लावतोय. मला उभं राहवेना. साडी खोचून मीही उतरले आणि हातांनी माती भरायला लागले. बोलाचाली झाली, आबांनी त्याला चार शब्द ऐकवले, त्यानं आबांना. शेवटी पाणी वळलं तोवर दहा वाजत आले होते. शेजारी हसून म्हणाला, "पावण्या बाईला बी लावलं कामाला," आणि आपल्या वाटेनं गेला.

आबांनी पाटात हात धुतले, बांधावर बसले. टोपी काढली. आणि एकाएकी त्यांचा चेहरा उतरला.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"चाल. बगळा हाय, त्याचा पाय हाय. चाल न्हाय." त्यांनी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा भलतीकडंच गेली. "चार म्हयने वाट बघितली, ताई. आली, आन चिखलात गेली."

मला एवढ्या मोठ्या माणसाकडं बघवेना. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते, पण धीर होत नव्हता. वीस वर्षं मी कुणासमोर गायले नव्हते. शाळेत राष्ट्रगीत म्हणते तेवढंच.

"आबा," मी म्हटलं, "मला थोडी येतेय बहुतेक."

त्यांनी वर पाहिलं.

मी डोळे मिटून सुरू केलं. मध्यम, धैवत, वर, वर... पण मी नुकतीच चिखलातून वर आले होते, छाती भरलेली होती. 'घाई नाही' म्हणताना दम संपला. वरच्या षड्जाला पोचायचं, त्याच्या एक पायरी अलीकडं, कोमल निषादावरच, मी थांबले.

"चुकलं," मी म्हटलं. "दम गेला. पुढं आहे अजून, वर..."

आबांनी चिखलानं भरलेला हात वर केला. "थांबा. वर जाऊ नका."

"पण तुम्ही तर वर..."

"मी गेलतो. घाई केली मी." ते स्वतःशीच हसले. "बगळ्याला घाई न्हाय म्हणायचं, आन आपण पळत वर जायचं व्हय? हितंच थांबायचं. म्हणा पुन्हा."

मी म्हटलं. मग त्यांनी म्हटलं, आणि त्यांचा गळा सवयीनं षड्जावर गेलाच. पुन्हा म्हटलं, पुन्हा गेला. त्यांनी स्वतःच्या गालावर हलकेच चापट मारली. "इतक्या वर्षांचा वळणाचा बैल हाय. ऐकत न्हाय. तुमीच सांभाळा आता."

फोनवरून

आबांना आता एका क्षणाचाही भरवसा वाटेना. पाणी उसात तसंच सोडून आम्ही तसेच, चिखलाच्या पायांनी, पिंपळीच्या फाट्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात दोन माणसं मावत नाहीत. आबा आत, मी दार उघडं धरून अर्धी बाहेर. करुणेच्या बँकेत फोन लागला तो साहेबांनी घेतला.

"करुणाला द्या," आबा ओरडले. "अंतरा आलाय!"

"कोण आलंय?" पलीकडून आवाज आला. तो मलाही ऐकू आला. मग साहेबांना वाटलं असावं, कुणी अंतरा नावाची पाहुणी आली. करुणा फोनवर आली तेव्हा चांगलीच घाबरली होती.

आबांनी फोन माझ्या हातात दिला. "तुमी म्हणा. मी म्हणलो तर मी वर जाईन, आन ती बी वर जाईल."

मी आजूबाजूला पाहिलं. बूथवाला, एसटीची वाट पाहणाऱ्या दोन बायका, रसवंतीवाला, सगळे माझ्याकडं बघत होते. माझे पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. मी फोनमध्ये गायले. करुणा म्हणाली, "परत." मी परत म्हटलं. मग ती पलीकडून म्हणाली, बँकेतच, हळू आवाजात, आणि निषादावर येऊन थांबली. फोनमध्ये नुसती खरखर.

"पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं नाही."

तिनं शेवटची जागा आणखी एकदा गुणगुणून पाहिली. मग म्हणाली, "आबांना सांगा, भीती वाटते, पण भारी आहे."

संध्याकाळी शेखर परतला. मी सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. "एवढे दिवस मी ज्याच्यासाठी तडफडतोय, ते तुझ्या पुढ्यात, गाडीवर?" तो खरंच रुसला. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं पुन्हा करायला लावलं. पुढं जीप, मागं कॅमेरा, त्यामागं आम्ही एम-एटीवर, माझ्या हातात खोरं. बगळा काही आला नाही. त्या दगडावर एक म्हैस पाय पसरून बसली होती. आबांनी कॅमेऱ्याकडं बघत इमानदारीनं काहीतरी म्हटलं, ते बहुधा एका जाहिरातीचं गाणं होतं. शेखर शेवटी हसला, तेव्हा मला बरं वाटलं.

इंदापूर

मेळ्याच्या शेवटच्या पहाटेच्या आदल्या दिवशी आम्ही इंदापूरला करुणेच्या घरी उतरलो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकांचं कपाट, आणि दाराशी तिचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक, आमची वाट बघत. तिच्या आईनं जेवायला मासे केले होते. उजनी धरणाच्या पाण्यातली चिलापी.

मी समुद्राकाठच्या मुलखातली. नदीच्या माशाला आमच्याकडं फार कुणी विचारत नाही. मी सावधपणे एक तुकडा घेतला. करुणेची आई हात आवरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कसा हाय?" तिनं विचारलं. "तुमच्याकडच्यासारखा नसंल."

"नाही," मी खरं सांगितलं. "पण आणखी एक द्या." वाटणात कूट, लसूण आणि काळा मसाला. नारळ नसतानाही मासा इतका छान लागतो हे मी घरी सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवला नाही.

जेवणानंतर करुणेनं बंदिश पूर्ण म्हटली. तिचे वडील डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला गाण्यातलं कळत नाही. पण उद्या तिथं जाणती माणसं असतात. ती टाळ्या देतील का हसतील, ते मला सांगता येत नाही."

"हसू देत," करुणा म्हणाली.

इक्बालभाईंनी तिला विचारलं, संगमावरच्या देवळाजवळ गायला काही वाटत नाही का? तिनं खांदे उडवले. "देवळात मी जात नाही. गाणं नदीत आहे, वाळूवर. देऊळ ज्यांचं त्यांचं. नदी माझी पण आहे."

नरसिंहपूर

पहाटे आम्ही पोचलो तेव्हा संगमावरच्या वाळूत माणसं बसलेली होती. उन्हाळ्यात पात्र आटतं, पण दोन नद्या मिळतात तिथं डोह असतो. त्याच्या कडेला लाकडी फळ्यांचं व्यासपीठ आणि मागं उंच घाट. पोत्यावर बसलेले शेतकरी, सुट्टीला आलेली पुण्या-मुंबईची कुटुंबं, पागोटेवाले म्हातारे. आमच्याकडच्या मैफलीत खुर्च्या असतात आणि लोक घड्याळ बघतात. इथं बरेचजण घोंगडी पांघरून आडवेच होते.

करुणा बसली. आबा पहिल्या रांगेत नव्हतेच. ते कडेला, ओल्या वाळूवर जाऊन बसले. मी त्यांच्यापाशी गेले. तिनं आलाप सुरू केला. शेतात माझा दम संपला होता, ती गोष्ट आता एवढ्या माणसांपुढं येणार होती. हसले तर तिला हसणार.

स्थायी झाली. उजाडू लागलं होतं. मग अंतरा. एका पायावर बगळा उभा... मध्यम, धैवत, एकेक पायरी, कसलीही घाई न करता. 'नाही'वर तबल्याची सम आली आणि ती कोमल निषादावर थांबली.

सगळी वाळू वाट बघत होती. वर जायचं होतं, सगळ्यांना वर जायचं होतं. ती गेली नाही. फक्त तानपुऱ्याचा षड्ज मागं वाजत राहिला. तो तिथं होताच. मग कुठूनतरी, घोंगडीतून उठून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, टाळी न देता, नुसतं म्हटलं, "व्हय."

आणि लोकांच्या तोंडून एक हुंकार उठला. करुणेनं तो अंतरा आणखी कितीतरी वेळा घेतला. दर वेळी लोक थांबायचे, दर वेळी कुणीतरी "व्हय" म्हणायचं. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते पाण्याकडं बघत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

मैफलीनंतर डोहात उतरणाऱ्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर चहा आणि गरम भजी आली. करुणेभोवती बायकांचा गराडा. तिचे वडील एकेकाला भेटून "माझी मुलगी" म्हणत होते, न विचारता. शेखरनं आबांना पायरीवर बसवलं आणि इक्बालभाईंनी कॅमेरा लावला.

"आबा," शेखरनं विचारलं, "हा अंतरा तुम्हाला कसा सुचला?"

आबा जरा वेळ विचारात पडले, खरोखरच्या.

"मला निम्माच सुचला," ते म्हणाले. "मी वर नेऊन टाकला होता त्याला. मग ह्या ताईंचा दम संपला, आन अंतरा पुरा झाला."

शेखरनं माझ्याकडं वळून पाहिलं. इक्बालभाईंनी कॅमेरा माझ्याकडं फिरवला. मी नको नको म्हणत होते, पण आबांनी बाजूला सरकून पायरीवर जागा केली.

"म्हणा की, ताई. तुमचंच हाय ते."

मी बसले. पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. सकाळचं ऊन समोरच्या काठावर आलं होतं आणि मी रात्री नीट झोपले होते. मी म्हणायला लागले. मध्यम, धैवत, एकेक पायरी. 'घाई नाही'पाशी आले तेव्हा छातीत श्वास पुरेपूर होता. सहज वर जाता आलं असतं. मी तिथंच थांबले.